या महिन्याचे संत : फेब्रुवारी



गेल्या वर्षी याच सदरात फेब्रुवारीची यादी देताना सहा तारखेपुढे आम्ही ‘संत पौल मिकी व सोबती, रक्तसाक्षी’ एवढेच छापले आणि पुढील ओळीकडे वळलो. ते ‘व सोबती’ आम्हांस महाग पडले.

सुरतेच्या दक्षिण अंगास बमरोली म्हणून वस्ती आहे. एके काळचे ते गाव आता महानगरपालिकेत सामावले गेले असून पांडेसरा-उधना भागातील यंत्रमागांचा खडखडाट तेथे रात्रंदिवस चालू असतो. खानदेशातील मंडळी जळगाव-नंदुरबारच्या लोहमार्गाने उधन्यास उतरून तेथे पोचतात. वसई-पालघरकडील काही घरेही पोटामागे तेथे गेली आहेत. अशाच एका घरातील भगिनीचे पत्र या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांचे माहेर व सासर दोन्ही वसईकडचे. पती मागांच्या दुरुस्तीचे काम करतात. जानेवारीच्या आरंभी त्यांना मुलगा झाला आणि फेब्रुवारीतील दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा योजिला आहे. गावाहून सासूबाईंचा निरोप आला, की सण तोंडावर आहे, नातवाचे नाव गोन्सालो ठेवा. त्यावर पतीने आमच्या सदराचे जपून ठेविलेले कात्रण काढले आणि विचारिले, “यात कोठे आहे गोन्सालो?” शिवाय त्यांचे म्हणणे असे, की या नावाला शाळेतील पोरे हसतील, गुरुजी हजेरीपटात ते भलतेच लिहितील, आणि जन्मभर मुलास आपल्या नावाचा खुलासा करीत बसावे लागेल.

भगिनी आम्हांस विचारतात: हे संत फेब्रुवारीतले आहेत की नाहीत? असल्यास तुमच्या यादीत का नाहीत? आणि बमरोलीत वाढणाऱ्या मुलाला या नावाचा काय उपयोग?

पहिल्या दोन प्रश्नांपुढे आम्ही मान खाली घालतो. संत गोन्सालो गार्सिया हे फेब्रुवारीतीलच संत होत. जपानातील नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या सव्वीस जणांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले, त्यांतील ते एक. परंतु पाच तारखेस पुरातन काळापासून सिसिलीच्या संत आगाथा यांचा मान आहे. म्हणून १९६९ साली रोमची दिनदर्शिका सुधारून जपानच्या रक्तसाक्षींचा दिवस साऱ्या जगासाठी तीत घेतला गेला, तेव्हा त्यांना सहा तारीख मिळाली आणि सणास नाव पडले ते येशूसंघाचे जपानी ब्रदर पौल मिकी यांचे. उरलेले पंचवीस ‘सोबती’ झाले. सव्वीस नावे एका ओळीत मावत नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि आपल्या देशात हा दिवस गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने पाळला जात असता मराठी साप्ताहिकाने रोमची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, ही गफलत आमची आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास थोडा अवकाश लागेल. तोवर महिना क्रमाने पाहू.

२ तारखेस बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित होतात. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेस, दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्यापाशी नेतात आणि संत ब्लेझ यांच्या नावाने गळ्याच्या दुखण्यापासून रक्षण मागतात. ब्लेझ हे चौथ्या शतकातील, आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे बिशप. घशात काटा अडकून गुदमरणाऱ्या मुलास त्यांनी वाचविले, ही कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. फारशी सांगितली जात नाही ती दुसरी गोष्ट: लोखंडी फण्यांनी त्यांचे अंग विदारिले गेले अशी परंपरा आहे, आणि तशाच फण्यांनी लोकर विंचरणाऱ्या युरोपातील कारागिरांनी पुढे त्यांना आपले पालक मानिले. जेथे पाळी संपवून घरी आलेला माणूस आधी खोकतो आणि मग बोलतो, त्या बमरोलीसारख्या वस्तीत तरी हा आशीर्वाद कोणी चुकवू नये. खोकला महिनाभर हटला नाही तर आशीर्वादानंतर दवाखान्यातही जावे. ब्लेझ स्वतः वैद्य होते असे परंपरा सांगते.

४ तारीख संत जॉन डी ब्रिटो यांची. लिस्बनच्या दरबारात राजपुत्राच्या सहवासात वाढलेले हे येशूसंघीय १६७३ साली गोव्यास उतरले आणि तेथून तमिळ देशातील मदुराई मिशनमध्ये गेले. त्यांनी संन्याशाचा वेष धरिला, मांस व मद्य वर्ज्य केले, तमिळ भाषा आपलीशी केली. लोक त्यांना अरुळानंदर म्हणू लागले आणि आजही तेच म्हणतात. १६८६ त त्यांना पकडून त्यांचे हाल करण्यात आले. पुढे मिशनच्या कामासाठी त्यांना पोर्तुगालला जावे लागले. तेथे सुखाने राहण्याची सोय असताना १६९० त ते परत आले. त्या मुलखातील एका सरदाराने बाप्तिस्म्यासाठी एकच पत्नी ठेवून इतरांस निरोप दिला. दूर केलेल्यांपैकी एक रामनाडच्या राजाची नातलग होती, आणि तो राग ब्रिटोंवर निघाला. ४ फेब्रुवारी १६९३ रोजी ओरियूर येथे तरवारीने त्यांचा शिरच्छेद झाला. तो दिवस राखेच्या बुधवारचा होता. ओरियूरची तांबडी माती यात्रेकरू अजून घरी नेतात. २२ जून १९४७ रोजी, देश स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

आता वसईकडे येऊ. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकीपर्यंत, वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेथे १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इकडची. राज्यकर्त्यांच्या हिशेबात अशा मुलाची पायरी खालचीच. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशी ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच त्यांच्याबरोबर जपानला गेले. आमच्या आयाबायांना विचारा, पंधराव्या वर्षी मुलगा सुरतेस निघाला तरी डोळ्यास पदर लागतो. येथे तर महिनोन्‌महिने समुद्र होता.

जपानात त्यांनी सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांची सेवा केली. धर्मशिक्षण द्यावे, प्रवासात सोबत करावी, पडेल ते काम करावे. भाषा अशी साधली, की लोकांत मिसळून बोलू लागले. स्वतः येशूसंघात यावे अशी त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा ते व्यापारात पडले, आणि चांगले चालले. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा माल हिंडू लागला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हे पान घाईने उलटू नये. संतांच्या कथा वाचताना आपण बाल्यावरून एकदम हौतात्म्यावर उडी मारतो. मधल्या काळात हा मनुष्य नाकारला गेलेला होता, आणि नाकारला गेल्यावर त्याने देवाशी अबोला धरिला नाही. हिशेबाच्या वह्या लिहीत तो आपली वेळ येण्याची वाट पाहत राहिला.

ती वेळ फिलिपिन्समध्ये, मनिलास आली. तेथे संत फ्रान्सिसच्या संघातील बंधूंची गाठ पडली. गोन्सालोंनी व्यापार आवरला आणि त्या संघात साधा ब्रदर म्हणून प्रवेश केला. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. (याच संत फ्रान्सिसच्या कुटुंबातील कपुचिन पाद्री पुढे सुरतेत राहत असत. १६६४ त शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोज यांच्या मठास त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेविले आहे. बमरोलीच्या वाचकांनी ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी.)

१५९३ च्या सुमारास मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील पाठविले. वकिलीचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. म्हणून बरोबर गेले ब्रदर गोन्सालो, दुभाषी म्हणून. कल्पना करावी: एका बाजूस साऱ्या जपानला धाक घालणारा पुरुष, दुसऱ्या बाजूस स्पेनच्या राजाचा वकील, आणि मध्ये एकमेकांचे शब्द एकमेकांस समजावून देणारा वसईचा मुलगा.

दुभाष्याचे काम बाहेरून सोपे दिसते. बमरोलीसारख्या वस्त्यांतून आम्ही हिंडलो आहोत. तेथे नऊ वर्षांची मुलगी गुजरातीत आलेले वीजबिल वाचून आजीला मराठीत समजावते, दारात उभ्या ओडिया शेजारणीशी हिंदीत बोलते, आणि दवाखान्यात आईचे दुखणे डॉक्टरांना सांगताना कोणता शब्द सांगावा व कोणता गिळावा याने घाबरी होते. एक शब्द चुकला तर औषध चुकते. दुभाष्या दोन्हीकडच्यांच्या उपयोगी पडतो आणि पुष्कळदा दोन्हीकडच्यांचा राग त्याच्या वाट्यास येतो. गोन्सालो हे काम हिदेयोशीच्या दरबारात करीत होते. तेथील वेळ संपला की क्योतोमध्ये बंधूंनी उभारिलेल्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांची शुश्रूषा चाले. तेथे भाषेची गरज थोडी लागत असावी.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. माल जप्त झाला, तंटा वाढला, आणि पाद्री हे परक्या राजाचे अग्रदूत आहेत या संशयाने हिदेयोशी भडकला. डिसेंबरात क्योतो व ओसाका येथे धरपकड झाली. जानेवारीच्या आरंभी क्योतोच्या रस्त्यावर पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि लोकांस दहशत बसावी म्हणून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतची वाट, सुमारे महिनाभराची. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे जपानी ख्रिस्तीही त्यांच्यात धरले गेले आणि सव्वीस झाले: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा होता. धर्म सोड, तुला सोडतो, असे त्याला सांगण्यात आले. तो वळला नाही. टेकडीवर पोचताच त्याने आपला क्रूस कोणता ते विचारिले, असे सांगतात.

सव्वीस क्रूस ओळीने उभे केले होते. खिळ्यांऐवजी दोऱ्या व लोखंडी कड्या वापरल्या आणि भाल्यांनी दोन्ही बाजूंनी भोसकले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. फ्रान्सिस्कनांत चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपला. मेक्सिकोच्या त्या फिलिपला त्याचा देश ५ फेब्रुवारीस मोठ्या मानाने स्मरतो. वसईही आपल्या पुत्रास विसरलेली नाही: गास गावात त्यांच्या नावाचे देऊळ आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. मात्र एक गैरसमज येथेच दूर करू. वसई किल्ल्यात संत गोन्सालोच्या नावाने ओळखले जाणारे डोमिनिकन देवळाचे जे अवशेष आहेत, ते १५८३ सालच्या देवळाचे. म्हणजे आपले गोन्सालो तेव्हा जिवंत होते. ते देऊळ पोर्तुगालमधील आमारान्तेच्या दुसऱ्या, जुन्या गोन्सालोंचे. मुलांची सहल नेणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे.

१६२७ त या फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या सोबत्यांना धन्यपद मिळाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदास पोचलेले गोन्सालो हे पहिले. त्या वेळी जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होतीच. ती १८७३ साली उठली. दरम्यान १८६५ च्या मार्चात, नागासाकीत या सव्वीस जणांच्या नावाने नुकत्याच उभारलेल्या देवळात काही शेतकरी स्त्री-पुरुष भीत भीत आले आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे ख्रिस्ती आहोत असे पाद्र्यांस सांगू लागले. अडीचशे वर्षे त्यांनी प्रार्थना तोंडपाठ जपल्या होत्या, मुलांचे बाप्तिस्मे स्वतः केले होते. त्या टेकडीवर १९६२ साली स्मारक झाले. १९८१ त पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१९ त पोप फ्रान्सिस तेथे प्रार्थना करून गेले. ब्राँझमध्ये घडविलेल्या त्या सव्वीस आकृतींत वसईचा माणूसही उभा आहे.

महिन्याचा उत्तरार्ध थोडक्यात घेतो. ८ तारखेस संत जोसेफीन बखिता. सुदानातील दार्फुर प्रांतातील ही मुलगी लहानपणीच पळविली गेली आणि बाजारात पुनःपुन्हा विकली गेली. भयाने ती आईबापांनी ठेविलेले आपले नावच विसरली. ‘बखिता’, म्हणजे भाग्यवान, हे नाव तिला पळविणाऱ्यांनी दिलेले. इटलीत १८९० साली तिचा बाप्तिस्मा झाला, पुढे ती धर्मभगिनी झाली, ८ फेब्रुवारी १९४७ रोजी निवर्तली आणि २००० साली संत ठरली. मुलाच्या नावाची चर्चा चालू असलेल्या घराने हे चरित्र सवडीने वाचावे. ११ तारखेस लूर्दमातेचा सण. १८५८ त त्या दिवशी बर्नादेतला प्रथम दर्शन झाले. हाच जागतिक रुग्णदिनही आहे. तेव्हा शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे एक फेरी करावी. १४ तारखेस बाजारात संत व्हॅलेंटाईन यांच्या नावाची जी धूम चालते, तिच्याशी त्या बिचाऱ्या रोमन रक्तसाक्षीचा काही संबंध आम्हांस दिसत नाही. दिनदर्शिकेत तो दिवस आता स्लाव लोकांना लिपी देणाऱ्या सिरिल व मेथोदियस या भावांचा आहे.

२५ तारीख मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. धन्य राणी मारिया या केरळातील पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे त्या भूमिहीन आदिवासींस कर्जाच्या फासातून सोडविण्याचे, त्यांचे बचतगट बांधण्याचे, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत नेण्याचे काम करीत. सावकारीवर जगणाऱ्यांस ते खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, उतारूंच्या देखत, एका भाडोत्री माणसाने त्यांना भोसकून ठार केले. पुढे राणी मारिया यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्या माणसास राखी बांधली. २००६ साली तो सुटला, केरळात त्यांच्या घरी गेला, आणि आईने त्यास क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यपद जाहीर झाले.

आता बमरोलीच्या पत्राकडे. भगिनी, आपल्या पतीची काळजी खोटी नाही. नाव आपण ठेवितो आणि वागवावे लागते मुलाला. वर्गात हसू येते तेव्हा तेथे ना आजी असते, ना साप्ताहिकाचा लेखक. म्हणून हेच ठेवा असा आग्रह आम्ही धरणार नाही. परंतु आपण विचारिले, की बमरोलीत या नावाचा काय उपयोग. तर फेब्रुवारीच्या साऱ्या संतांत आपल्या घराशी याच्याइतका जवळचा दुसरा आम्हांस सापडत नाही. उधन्यास गाडीत बसले की नवसारी, वलसाड, वापी, डहाणू, पालघर मागे टाकीत ज्या वसईस आपण पोचता, त्याच वसईहून हा मुलगा परमुलखी गेला, तेथली भाषा शिकला, आधी धंदा केला, आणि मोठ्या माणसांच्या मध्ये उभा राहून इमानाने शब्द पोचवीत राहिला. आपला मुलगाही चार वर्षांचा झाला की तेच करू लागेल, मग त्याचे नाव काहीही असो.

गुरुजींच्या हजेरीपटाविषयी म्हणाल, तर गुजराती लिपीतही हे नाव तीन अक्षरांत बसते. घरी हाक मारण्याचे नाव निराळे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. आणि पतीस दुसरेच नाव आवडत असेल तर ते पहिले ठेवून गोन्सालो हे जोडनाव करता येईल. सासूबाईंची समजूत कशी घालावी ते आम्ही सांगू शकत नाही.

आपण पाठविलेले कात्रण परत धाडीत आहोत. सोबत या अंकाची एक जास्तीची प्रत आहे. तिच्या शेवटच्या पानावर सहा तारखेपुढे आता असे छापले आहे: ‘संत गोन्सालो गार्सिया, वसईकर, संत पौल मिकी व सोबती, रक्तसाक्षी’. बाप्तिस्म्यानंतर नाव काय ठेविले ते एका कार्डाने कळवावे.